चार्जिंगला लावलं की ब्रेकर पडतोय? आधी बघा कोणता पडतो आणि कधी पडतो

औसा (वार्ताहर) : सोयाबीनच्या फवारणीची घाई, सकाळी सहाला मजूर दारात, आणि रात्रभर चार्जिंगला लावलेले दोन्ही बॅटरी पंप उतरलेलेच. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबात पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा असं व्हायला लागलं. रात्री कधीतरी ब्रेकर पडायचा आणि घरात कुणाला पत्ता नसायचा. पंप राहिले, इन्व्हर्टरची बॅटरी राहिली, जनावरांच्या शेडमध्ये लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर राहिली. फ्रिजमधलं दूध नासलं ते वेगळंच.

गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बोर्ड बघितला आणि म्हणाला, "मामा, हे ईएलसीबी लई नाजूक हाय, उगं पडतंय. डायरेक्ट करून टाकू का?" मामांनी मान हलवली. त्या रात्री काही पडलं नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस सुरू होता आणि म्हैस शेडच्या लोखंडी खांबाजवळ जाईना. ओढलं तर अंग चोरून मागे सरायची. घरातल्या काकूंनी आरडाओरडा करून मेन स्विच पाडायला लावला. नंतर कोरड्या काठीवर, पायात रबरी चप्पल घालून टेस्टर लावला तर खांबाला टेस्टर पेटला. ब्रेकर उगाच पडत नव्हता. खांबात करंट उतरला की तो पडत होता, आणि तोच काढून टाकला होता.

चार्जिंगच्या बाबतीत ब्रेकर पडण्याच्या तक्रारी आता गावोगाव आहेत. पूर्वी घरात दोन बल्ब, एक पंखा आणि टीव्ही असायचा. आता एकाच कोपऱ्यात इन्व्हर्टर, फवारणी पंपाचे चार्जर, स्कूटरचा चार्जर, चार मोबाईल. यातला काही वेळा पडणारा ब्रेकर खरोखर उगाच पडतो, काही वेळा तो जीव वाचवत असतो. दोन्हीत फरक कसा करायचा, हे थोडं समजून घेतलं तर बरंच काम घरच्या घरी कळतं. दुरुस्ती मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

आधी कोणता पडला ते बघा

बोर्डात साधारण दोन प्रकारचे खटके असतात. एक एमसीबी, तो छोटा, एका बोटाएवढा रुंद. दुसरा आरसीसीबी, ज्याला गावात अजून ईएलसीबीच म्हणतात. हा दुप्पट रुंद असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए असा आकडा छापलेला असतो.

दोघांचं काम अगदी वेगळं आहे आणि इथंच सगळा गोंधळ होतो. एमसीबी वायरीला वाचवतो. वायरीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला, किंवा फेज आणि न्यूट्रल चिकटले, तर तो पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत मोजत असतो. थोडा जरी कमी परत आला, म्हणजे तो कुठून तरी जमिनीत जातोय, तर तो खाली पडतो. ३० एमए म्हणजे ३० मिलिअँपिअर, एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन भाग. १६ अँपिअरचा एमसीबी असलेल्या घरात माणसाच्या अंगातून अर्धा अँपिअर गेला तरी एमसीबीला ते कळतसुद्धा नाही. माणूस त्याच्या कितीतरी आधी जातो. म्हणून "एमसीबी आहे की, मग कशाला हवं ईएलसीबी" हे म्हणणं चूक आहे. त्या शेडमध्ये नेमकं हेच झालं होतं. खांबात जाणारा करंट एमसीबीच्या हिशेबात काहीच नव्हता.

आता दुसरा प्रश्न, कधी पडतो? बटण दाबल्या दाबल्या, गेलेली लाईट आल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने, की पावसात? चार दिवस वहीत वेळ लिहून ठेवली तरी अर्धा दोष सापडतो. वायरमन आला की "सारखा पडतोय" एवढंच सांगितलं जातं, आणि तो येतो तेव्हा नेमका पडत नाही.

लाईट आली की पडतो

हा प्रकार सगळ्यात जास्त. लाईट असताना चार्जिंग व्यवस्थित चालतं. लाईट जाते, दोन तासांनी येते, आणि येताक्षणी एमसीबी खाली.

चार्जरच्या आत तोंडालाच एक कपॅसिटर असतो. लाईट गेलेली असताना तो रिकामा होतो. लाईट आली की तो क्षणात भरायला बघतो. कोरड्या पाटात पाणी सोडल्यावर पहिलं पाणी जसं भसाभस मुरतं आणि मग पाट सरळ वाहतो, तसंच. हा पहिला झटका काही मिलिसेकंदांचाच असतो, पण तेवढ्या वेळात करंट नेहमीच्या कितीतरी पट जातो. एकटा चार्जर असेल तर एमसीबी सहन करतो. पण लाईट येते तेव्हा स्कूटरचा चार्जर, इन्व्हर्टर, फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि टीव्ही असे सगळे एकदमच ओढतात.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. मोटारींना ऑटो बसवले की लाईट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीचा फ्यूज जातो, कधी डीपीच जळतो. म्हणून महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. घरातल्या बोर्डावर हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडते.

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच चार्जरमध्ये हा पहिला झटका रोखायला एक छोटा भाग असतो. तो थंड असताना करंट अडवतो आणि गरम झाला की वाट मोकळी करतो. लाईट गेली आणि पाच सेकंदांत परत आली, तर हा भाग अजून गरमच असतो, झटका अडत नाही आणि एमसीबी पडतो. त्यामुळे लाईट झपझप जात-येत असेल तेव्हा चार्जर काढून ठेवावा. एमसीबी पडला तरी लगेच वर करू नये, दोन मिनिटं थांबावं.

उपाय सोपे आहेत. लाईट गेली की चार्जिंगच्या बोर्डाची बटणं बंद करायची आणि लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटांनी एकेक चालू करायची. घरात रात्री कुणी उठणार नसेल तर उशिराने चालू होणारा टाइमर किंवा तशी सोय असलेला स्टॅबिलायझर मिळतो. त्याचा अँपिअर चार्जरपेक्षा जास्त असावा.

हे करूनही भागत नसेल तर एमसीबीवर छापलेलं अक्षर बघा. 'बी १०' असं असेल तर तो १० अँपिअरचा बी प्रकारचा आहे. बी प्रकार ३ ते ५ पट करंटला तात्काळ पडतो, म्हणजे ३० ते ५० अँपिअरला. सी प्रकार ५ ते १० पटीला, म्हणजे ५० ते १०० अँपिअरला. चार्जरचा झटका बी प्रकाराला सहन होत नाही, सी प्रकाराला होतो. तेव्हा 'बी १०' काढून 'सी १०' बसवणं हा रास्त उपाय आहे. अँपिअर तोच राहिला पाहिजे. १० च्या जागी ३२ चा बसवणं म्हणजे किटकॅट फ्यूजला जाड तार गुंडाळण्यासारखंच. ब्रेकर पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते.

इथंही एक अट आहे. शेड घरापासून लांब असेल आणि वायर बारीक असेल तर सी प्रकार बसवण्याआधी विचार करावा. १ स्क्वेअरची तांब्याची वायर ६० मीटर नेली तर जाणं-येणं १२० मीटर होतं आणि तिचा रेझिस्टन्स साधारण २.२ ओहम भरतो. टोकाला शॉर्ट झालं तरी २३० व्होल्टवर करंट जाणार जेमतेम १०५ अँपिअर. 'सी १६' ला तात्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला आहे. म्हणजे शॉर्ट होऊनही तो लगेच पडेलच असं नाही, आणि तेवढा वेळ वायर जळत राहील. लांबच्या शेडला आधी जाड वायर, मग ब्रेकरचा विचार.

अर्ध्या-पाऊण तासाने पडतो

यात झटक्याचा संबंध नाही, हा उष्णतेचा मामला आहे. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. करंट जास्त गेला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. म्हणून तिला वेळ लागतो. नियमाप्रमाणे १० अँपिअरचा एमसीबी ११.३ अँपिअरला तासभर पडता कामा नये आणि १४.५ अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे. या दोन्हींच्या मधे असेल तर कधी पडेल, कधी नाही. "कालपर्यंत चालत होतं, आज पडतोय" हे बऱ्याचदा त्या मधल्या पट्ट्यातलंच असतं.

हे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली लावलेल्या बोर्डात तापमान त्याच्या बरंच वर जातं. तेव्हा पट्टी आधीच तापलेली असते आणि ब्रेकर लिहिलेल्या आकड्याच्या आधीच पडतो. बोर्ड सावलीत, हवेशीर जागी हलवला एवढ्यानेही उन्हाळ्यातला त्रास कमी होतो.

पण त्याहून जास्त वेळा कारण असतं ढिल्या स्क्रूचं. मिक्सर पाच मिनिटं चालतो, पाण्याची मोटार अर्धा तास. स्कूटर मात्र चार-पाच तास सलग करंट ओढते. स्क्रू ढिला असेल, सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्या असतील किंवा अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली असेल, तर तो सांधा हळूहळू तापतो. ती उष्णता वायरीवाटे एमसीबीपर्यंत जाते आणि तो पडतो. करंट जास्त नसतानाही पडतो. लोक मग ब्रेकर बदलतात, तोही महिन्याने पडायला लागतो.

ओळखायचं कसं? ब्रेकर पडल्यावर मेन स्विच बंद करून पिन टॉप काढा आणि त्याच्या पिना बघा. काळ्या पडलेल्या, प्लास्टिक पिवळं किंवा तपकिरी झालेलं, जळकट वास, यातलं एक जरी दिसलं तरी ते सॉकेट बदलायचंच. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला मोठ्या पिनेचा कन्व्हर्टर लावून स्कूटर चार्ज करणं तर सर्रास चालतं. एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळून ठेवलेला, त्याच्यावर पोती टाकलेली, आणि त्यातून रात्रभर चार्जिंग, असंही दिसतं. स्कूटर किंवा ई-रिक्षासाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाईन काढावी, २.५ स्क्वेअर तांब्याची वायर, टोकाला १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी. शेड फारच लांब असेल तर ४ स्क्वेअर.

हिशेब करताना चार्जरवरची पट्टी वाचा. त्यावर 'इनपुट' म्हणून जो अँपिअर लिहिलेला असतो तोच धरायचा. नुसत्या वॅटवरून काढलेला आकडा कमी येतो, कारण साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर कमी असतो आणि तो वॅटच्या मानाने जास्त करंट ओढतो. फवारणी पंपाचा १२ व्होल्टचा चार्जर फार तर २०-२५ वॅटचा. त्याच्यामुळे लोड वाढून ब्रेकर पडेल हे शक्यच नाही. एका बॅटरीचा इन्व्हर्टर चार्ज होताना १५ अँपिअर बॅटरीला देतो, पण ते १४ व्होल्टला, म्हणजे भिंतीतून तो २५०-३०० वॅटच घेतो. खरा लोड स्कूटरचा आणि त्याहून ई-रिक्षाचा. ४८ व्होल्टच्या ई-रिक्षाचा चार्जर एक किलोवॅटच्या आसपास किंवा वर जातो. तालुक्याच्या ठिकाणी काही शेडमध्ये चार-पाच रिक्षा एकाच लाईनवर लावतात, तिथं ब्रेकर पडला नाही तरच नवल.

कमी व्होल्टेजची भर यात पडते. चार्जरला ठराविक वॅट हवे असतात. व्होल्टेज कमी झालं की तो करंट वाढवून ते भरून काढतो. ८०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर लागतो, तर १७० व्होल्टवर पावणेपाच. संध्याकाळी सात ते दहा गावात व्होल्टेज पडतं तेव्हाच नेमके सगळे चार्जिंगला लावतात. अकरानंतर लावलं तर हाच ब्रेकर पडत नाही, असं बऱ्याच घरांत दिसेल.

जुन्या इन्व्हर्टरच्या बाबतीत बॅटरीकडेही बघावं. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. एक सेल मेला की ती रात्रभर लावूनही साडेदहाच्या आसपास राहते, कधी भरतच नाही. चार्जर मग थांबत नाही, तापत राहतो. पाणी वारंवार आटतं, बॅटरी एका बाजूने जास्त गरम लागते, ही त्याची खूण.

बटण दाबताक्षणी, दरवेळी पडतो

दरवेळी, विनाअपवाद पडत असेल तर यात 'उगाच' काही नाही. कुठेतरी शॉर्ट आहे. तोच चार्जर शेजारच्या घरी लावून बघणं हा चुकीचा उपाय, शेजाऱ्याचंही सॉकेट काळं होतं. उलट करावं, त्या सॉकेटला टेबल फॅन लावून बघावा. फॅन चालला तर दोष चार्जरमध्ये, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावा. फॅन लावूनही पडला तर वायरिंगमध्ये. चार्जर घरी उघडू नये. बंद करून ठेवलेल्या चार्जरच्या कपॅसिटरमध्येही तीनशेच्या वर व्होल्टेज काही वेळ शिल्लक राहू शकतं.

पावसात पडतो, किंवा आरसीसीबी पडतो

आता त्या शेडकडे वळू. आरसीसीबी १५ मिलिअँपिअरपर्यंत पडायला नको आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधे कुठेही पडू शकतो. प्रत्येक चार्जरमधून, चांगल्यातल्या चांगल्याही, थोडासा करंट अर्थिंगकडे जातच असतो. त्यातल्या फिल्टरची रचनाच तशी असते. एकेकाचा अर्धा-एक मिलिअँपिअर, एखाद्याचा त्याहून जास्त. घरातली सगळी उपकरणं आणि पावसाळ्यात ओलसर झालेल्या भिंतीतल्या वायरी मिळून दहा-बारा भरले, तर आरसीसीबी आधीच काठावर उभा असतो. मग फ्रिज चालू झाला, जवळपास वीज कडाडली, एवढ्यानेही पडतो. याला खरोखर उगाच पडणं म्हणता येईल. त्यावर उपाय म्हणजे सगळं घर एका आरसीसीबीवर न ठेवता चार्जिंगची लाईन वेगळ्यावर घेणं. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकात असलेला आरसीबीओ मिळतो, तो त्या एका लाईनला लावला की ती पडली तरी फ्रिज चालू राहतो. ३० च्या जागी ३०० एमएचा आरसीसीबी बसवून देणारे असतात. तो आग रोखण्याच्या कामाचा, माणूस वाचवण्याच्या नाही.

दोष शोधायची पद्धत अशी. सगळ्या बटणांचे पिन टॉप काढा, सगळे एमसीबी पाडा, मग आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडला ती लाईन दोषी. मग त्या लाईनवरची उपकरणं एकेक लावून बघा. आणि सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी राहात नसेल तर? साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच असतो. तेव्हा बहुधा कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटलेला असतो. काही घरांत न्यूट्रल खराब आला म्हणून अर्थिंगच्या वायरीलाच न्यूट्रल करून ठेवलेलं असतं, तिथं तर आरसीसीबी कधीच टिकणार नाही, आणि टिकू नये.

इन्व्हर्टरचाही एक नेहमीचा घोळ आहे. इन्व्हर्टरला जाणारी फेज आरसीसीबीच्या आधीून घेतलेली आणि इन्व्हर्टरवरच्या बल्ब-पंख्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीतून परत येतो. गेलेलं आणि आलेलं जुळत नाही, तो पडतो. दोन आरसीसीबी असलेल्या घरात एकाची फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल मिसळला तरी हेच. यात कुणाला शॉक बसत नाही, नुसती वायरिंगची चूक असते. इन्व्हर्टर बसवणारा वेगळा, वायरिंग करणारा वेगळा, म्हणून ती राहून जाते.

त्या कुटुंबाने शेवटी तालुक्याहून दुसरा इलेक्ट्रिशियन आणला. त्याने आधी आरसीसीबी पूर्ववत जोडला. एकेक लाईन वर केली तर शेडची लाईन वर केल्यावरही तो राहिला, कारण त्या दिवशी ऊन होतं. त्याने लाईन बंद करून मेगर लावला, वाचन चांगलं आलं. मग शेडच्या पत्र्यावर बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि परत मेगर लावला, वाचन एकदम खाली आलं. वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती, पाइप नाही, रबरी बुश नाही. वाऱ्याने पत्रा हलून हलून त्याच्या धारेने वायरीचं वरचं कवच कापलं होतं. वाळलेलं असताना काही नाही, पाऊस आला की पाणी दोघांना जोडायचं आणि करंट पत्र्यातून खांबात, खांबातून ओल्या जमिनीत. म्हशीला कळलं, कारण जनावराचे चारही पाय ओल्यात असतात आणि त्यांना माणसापेक्षा कमी करंटही सोसत नाही.

वायर बदलून पीव्हीसी पाइपातून घेतली, शेडच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग केलं, स्कूटरचं सॉकेट पत्र्यावरून काढून भिंतीवर घेतलं आणि त्या लाईनला आरसीबीओ बसवला. अर्थिंग असलं की पत्र्यात करंट उतरताक्षणी, कुणी हात लावण्याआधी ब्रेकर पडतो. नसलं तर तो कुणाच्या तरी अंगातून जाईल तेव्हा पडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायचं असतं, हे बहुतेक घरांत बांधकाम झाल्यावर विसरलं जातं.

स्कूटरसाठी नवीन आरसीसीबी किंवा आरसीबीओ घेताना 'ए' प्रकारचा मागावा. साधा 'एसी' प्रकार स्वस्त असतो, पण चार्जरमध्ये दोष झाला तर गळणारा करंट डीसीच्या वळणाचा असू शकतो आणि तो 'एसी' प्रकाराला नीट ओळखता येत नाही. 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावं. दाबल्यावर पडला नाही तर आरसीसीबी बदलावा, मग तो कितीही नवा असो.

चार्जिंगची जागा

लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. कोंदट खोलीत, देवघराच्या दिव्याजवळ किंवा जिथं बिडी ओढतात तिथं ती ठेवू नये. स्कूटरची लिथियम बॅटरी उन्हातून आल्या आल्या गरम असताना लावू नये, अर्धा तास थांबावं. फुगलेली, आपटलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी लावूच नये. झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारात चार्जिंग करू नये. कडब्याच्या गंजीशेजारी तर नाहीच. आधी बॅटरीला जोडायचं की आधी भिंतीला, हा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, पुस्तिकेत असेल तसा पाळावा.

ब्रेकर पडल्यावर एकदा वर करून बघायला हरकत नाही. लगेच दुसऱ्यांदा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नये, चार्जर काढून ठेवावा आणि इलेक्ट्रिशियनला वेळेची वही दाखवावी.

तक्रार कुणाकडे

मीटरपर्यंतची वायर आणि व्होल्टेज ही महावितरणची जबाबदारी, मीटरच्या पुढचं सगळं ग्राहकाचं. घरातला ब्रेकर पडतो म्हणून लाईनमनला बोलावून उपयोग नाही. पण व्होल्टेज रोज संध्याकाळी पडत असेल, न्यूट्रल सुटल्यासारखे दिवे कमी-जास्त होत असतील, तर ते महावितरणला कळवायचं. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. फोन करताना वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक जवळ ठेवावा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. दिवे अचानक खूप प्रखर झाले तर मात्र फोनच्या आधी मेन स्विच पाडावा, कारण न्यूट्रल तुटल्यावर घरात २३० पेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येऊ शकतं आणि चार्जिंगला लावलेलं सगळं एका मिनिटात जातं.